गोडॉक्सचे तीन टीटी६०० आणि एक एक्सप्रो ट्रिगर : संचाचं सविस्तर परीक्षण

कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश चेहरा सपाट करतो, कारण उजेड आणि लेन्स दोघंही एकाच दिशेने बघत असतात. नाकाची, गालाची, हनुवटीची सावली लेन्सला दिसतच नाही; जी काही पडते ती मागच्या भिंतीवर. फ्लॅश हातभर बाजूला नेला की त्याच चेहऱ्याला घडण येते. इथवर सगळ्यांना पटतं. अडचण पुढे असते : दोन-तीन फ्लॅश वेगवेगळ्या स्टँडवर, वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवले की त्यांना आवरायचं कसं?

गोडॉक्स कंपनीचे तीन टीटी६०० फ्लॅश आणि कॅमेऱ्यावर बसून त्यांना रेडिओने हुकूम देणारा एक एक्सप्रो ट्रिगर हा या प्रश्नाला मिळणारा आजचा सर्वांत साधा, भरवशाचा जवाब आहे. संचातलं सर्वांत मोलाचं यंत्र म्हणजे ट्रिगर. फ्लॅश साधेच आहेत, काही बाबतींत तोकडेही आहेत. पण प्रत्येक फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याजवळूनच कमी-जास्त करता येते, आणि या एका सोयीमुळे प्रकाशयोजना शिकायची गती बदलते. सॉफ्टबॉक्समध्ये, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या कापडी डब्यात, बंद करून डोक्याच्या वर चढवलेला फ्लॅश हाताने बदलायचा म्हणजे स्टँड खाली घ्या, कापड उघडा, बटण दाबा, पुन्हा चढवा. एवढ्यात समोरचा माणूस अवघडून बसलेला असतो आणि स्टँडचा कोनही बदललेला असतो. दोनदा असं झालं की फोटोग्राफर ‘चालेल’ म्हणून पुढे जातो. ट्रिगरवर त्या फ्लॅशच्या गटाचं बटण दाबून चकती फिरवणं तीन सेकंदांचं काम असल्यामुळे तो ‘चालेल’वर थांबत नाही.

नियंत्रण रेडिओवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झवर. निकॉनने २००३ मध्ये एसबी-८०० सोबत आणलेली पद्धत उजेडाच्या इशाऱ्यांवर चालायची. कडक उन्हात किंवा खांबाच्या आड फ्लॅश ठेवला की इशारा पोचायचा नाही. कॅननने २०१२ मध्ये ६००ईएक्स-आरटीमध्ये आणि निकॉनने २०१६ मध्ये एसबी-५००० मध्ये रेडिओ आणला, तरी दोन्ही आपापल्या कॅमेऱ्यांपुरतेच. टीटी६०० मध्ये रेडिओ रिसीव्हर अंगातच आहे, वेगळा डबा जोडावा लागत नाही, आणि तो कोणत्या कंपनीच्या कॅमेऱ्याचा हुकूम ऐकतोय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कॅमेऱ्याप्रमाणे बदलतो तो फक्त ट्रिगर : कॅननसाठी सी, निकॉनसाठी एन, सोनीसाठी एस, फुजीसाठी एफ, ऑलिंपस-पॅनासोनिकसाठी ओ. उद्या कॅमेऱ्याची कंपनी बदलली तर ट्रिगर बदलायचा, फ्लॅश तेच राहतात. (टीटी६००एस ही सोनीच्या शूची, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेची, वेगळी आवृत्ती आहे. फ्लॅश कायम स्टँडवरच राहणार असेल तर सोनीवाल्यांनाही साधा टीटी६०० चालतो.)

टीटी६०० : काय आहे, काय नाही

चार पेन्सिल सेलवर चालणारा, पूर्णपणे मॅन्युअल फ्लॅश. ताकद १/१ पासून १/१२८ पर्यंत, एकतृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी. (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.) डोक्याचा झूम २० ते २०० मिलिमीटर. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशचा जोर सांगणारा आकडा (अंतर गुणिले एफ-क्रमांक), ६० मीटर, आयएसओ १०० ला. पण हा आकडा २०० मिलिमीटर झूमवरचा आहे, म्हणजे सगळा उजेड अरुंद झोतात गोळा केल्यावरचा. उजेड पसरवणारी छत्री भरण्यासाठी झूम २४-३५ वर आणला की गाइड नंबर बराच खाली येतो, वर छत्री स्वतः एक-दोन स्टॉप खाते. त्यामुळे खोक्यावरच्या साठाच्या भरवशावर बाहेरच्या उन्हाची गणितं मांडू नयेत.

टीटीएल नाही. कॅमेरा स्वतः फ्लॅशचा उजेड मोजून ठरवणार नाही. स्टँडवरच्या फ्लॅशच्या बाबतीत ही उणीव मला मोठी वाटत नाही. स्टँड आणि माणूस जागेवर असतील तर उजेडही तेवढाच राहायला हवा. टीटीएल मात्र प्रत्येक फ्रेमला नव्याने मोजतं. माणसाने काळा कोट घातला की उजेड वाढवतं, पांढरा सदरा घातला की कमी करतं. पन्नास फोटो सारखे हवेत तिथे मॅन्युअलच हवं. मात्र फ्लॅश हातात धरून कुणी माणसांमागे धावणार असेल, अंतर क्षणाक्षणाला बदलणार असेल, तर टीटीएल लागतं. तिथे गोडॉक्सचाच व्ही८६०-३ घ्यावा. त्याला लिथियम बॅटरी आहे, कंपनीच्या आकड्यानुसार एका चार्जमध्ये ४८० पूर्ण झोत आणि दीड सेकंदात पुन्हा तयार. तो याच ट्रिगरवर, याच संचात मिसळतो.

हाय-स्पीड सिंक, म्हणजे एचएसएस (कॅमेऱ्याच्या सिंकच्या मर्यादेपेक्षा, साधारण १/२०० पेक्षा, जलद शटरवर फ्लॅश वापरायची सोय), अर्धंच आहे. टीटी६०० कॅमेऱ्याच्या शूवर बसवला तर मिळत नाही. स्टँडवर ठेवून ट्रिगरमार्फत पेटवला तर मिळतं. मॉडेलिंग लाइट (फोटोआधी सावली दाखवणारा सतत जळणारा दिवा) नाही, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत सावली कुठे पडेल ते फोटो काढूनच कळतं, आणि फोकसलाही उजेड मिळत नाही. एक्सप्रोमध्ये फोकसला मदत करणारा लाल दिवा आहे, पण मिररलेस कॅमेरे बहुधा त्याचा उपयोग करत नाहीत. खोलीतला एखादा बारीक दिवा चालू ठेवणं हाच उपाय; १/२०० शटर आणि आयएसओ १०० वर तो फोटोत येत नाही.

एक मर्यादा फार कमी लोक लक्षात घेतात : १/१२८ सुद्धा कधीकधी जास्त होतो. पूर्ण ताकदीपासून १/१२८ म्हणजे सात स्टॉप खाली. गाइड नंबर वर्गमुळाने घटतो, म्हणून ६० भागिले साधारण ११.३ म्हणजे ५.३. अर्थ असा की २०० मिलिमीटर झूमवर, एक मीटर अंतरावर, आयएसओ १०० ला, सर्वांत कमी ताकदीवरही एफ/५.६ च्या जवळपासचं एक्सपोजर मिळतं. केसांवर मागून नुसती उजेडाची कडा हवी आहे आणि लेन्स एफ/२ वर उघडी आहे, तेव्हा हा फ्लॅश आवरत नाही. झूम रुंद करा, फ्लॅश मागे न्या, फ्लॅशच्या डोक्यावर पांढऱ्या कापडाचे दोन थर किंवा राखाडी जेल (फ्लॅशपुढे लावायची पारदर्शक रंगीत पट्टी) बांधा. गोडॉक्सचाच मोठा फ्लॅश एडी२००प्रो १/२५६ पर्यंत उतरतो, पण एका पायरीसाठी तो घेण्यात अर्थ नाही.

जोडणी

फ्लॅशवर वायरलेसची वाकडी बाणासारखी खूण असलेलं बटण दाबत राहा, रेडिओ स्लेव्ह (ट्रिगरचा हुकूम ऐकणारा मोड) येईपर्यंत. मग चॅनल आणि गट ठरवा. चॅनल तिन्ही फ्लॅशवर आणि ट्रिगरवर एकच. गट प्रत्येकाला वेगळा : मुख्य उजेड ए, सावली भरणारा बी, मागचा सी. हा क्रम एकदा ठरला की कधीच बदलू नये, आणि फ्लॅशच्या पाठीवर चिकटपट्टीने मोठं अक्षर लिहावं. घाईत ‘बी कुठला’ हे आठवत बसायला लागलं तर ट्रिगरवरच्या पाच वेगळ्या बटणांचा फायदा वाया जातो.

एक्सप्रोवर प्रत्येक गटाचा मोड ‘एम’, म्हणजे मॅन्युअल, करा. नव्या ट्रिगरवर तो टीटीएल असू शकतो आणि टीटी६०० ला ते समजत नाही. न वापरलेले गट बंद ठेवा.

आता ट्रिगरच्या मेनूतल्या दोन सेटिंग्ज. यांच्यामुळे जितके फ्लॅश ‘बिघडलेले’ ठरतात तितके खऱ्या बिघाडाने ठरत नसतील.

पहिली, अंतर. ट्रिगरला दोन टप्पे आहेत : १ ते १०० मीटर आणि ० ते ३० मीटर. पहिल्या टप्प्यावर सेट असेल आणि फ्लॅश टेबलावर कॅमेऱ्याच्या बाजूलाच, हातभर अंतरावर असेल तर तो कधी पेटतो, कधी नाही. लहान वस्तूंच्या फोटोत हे हमखास होतं. खोलीत काम असेल तर ० ते ३० ठेवा. शंभर मीटरची गरज फारच थोड्यांना असते.

दुसरी, आयडी, म्हणजे संचाचा ओळख क्रमांक. एकाच जागी दोन फोटोग्राफर गोडॉक्स वापरत असतील आणि दोघांचाही चॅनल १ असेल तर एकाच्या बटणावर दुसऱ्याचे फ्लॅश पेटतात. चॅनल बदलून हे टळतं, आयडी ही त्यावरची दुसरी कडी. पण आयडी दोन्हीकडे सारखा हवा. जुन्या फ्लॅशमध्ये हा पर्याय नसू शकतो. तसं असेल तर ट्रिगरवरही आयडी बंदच ठेवायला लागतो, नाहीतर बाकी सगळं बरोबर असूनही फ्लॅश गप्प राहतो. गर्दीच्या जागी, जिथे वाय-फाय भरपूर आहे, तिथे ट्रिगरचं स्कॅन चालवून त्यातल्या त्यात मोकळा चॅनल शोधावा. मेनूत हे असूनही फारसं कुणी वापरत नाही.

उजेड एकेक करून लावणं

तिन्ही फ्लॅश एकदम चालू करून मग काय बिघडलं ते शोधणं ही सर्वांत वेळखाऊ पद्धत. या संचात गट एका दाबात बंद-चालू होतात, त्याचा पुरेपूर उपयोग करावा.

आधी फ्लॅशशिवायची फ्रेम. आयएसओ १००, शटर १/२००, एफ/५.६. घरातल्या साध्या उजेडात ही फ्रेम जवळजवळ काळी यायला हवी. काळी आली म्हणजे पुढे दिसणारा प्रत्येक उजेड आपला आहे. मिररलेस कॅमेऱ्यात या सेटिंगला व्ह्यूफाइंडरही काळा होतो, कारण तो एक्सपोजर जसंच्या तसं दाखवायला जातो. मेनूतून ते अनुकरण बंद करावं.

मग फक्त ए. एक मीटर व्यासाची छत्री, चेहऱ्यापासून साधारण १.२ मीटर, बाजूला ४५ अंश, डोळ्यांपेक्षा वर. ताकद १/८ ने सुरुवात. चेहरा पांढरा झाला तर १/१६, काळपट राहिला तर १/४. अ‍ॅपर्चरला हात लावायचा नाही, कारण अ‍ॅपर्चर तिन्ही फ्लॅश एकदम बदलतं आणि आत्ता एकाचाच हिशेब चालू आहे. शटरला तर फ्लॅशच्या उजेडासाठी हात लावून उपयोगच नाही : सिंकच्या मर्यादेत शटर फक्त खोलीतला उजेड बदलतं. हा फरक हातात बसला की निम्मं काम झालं.

ए ठरला की त्याला बंद करून बी एकटा चालू करा आणि बघा तो कुठे कुठे पडतोय. दोन्ही फ्लॅश सारख्या अंतरावर, सारख्या छत्रीत असतील तर बी दोन स्टॉप खाली, म्हणजे ए १/८ असताना बी १/३२. सावली दिसेल, पण त्यातला तपशील बुजणार नाही. एका स्टॉपवर आणलं तर चेहरा मऊ आणि काहीसा सपाट. तीनवर नेलं तर गंभीर. दोन्ही बाजूंनी सारखी ताकद टाळावी, नाकाच्या दोन्हीकडे दोन सावल्या पडतात आणि डोळ्यांत दोन सारख्या चकाक्या बसतात.

सी मागे, माणसाच्या खांद्याच्या तिरक्या रेषेत, लेन्सकडे न बघणारा. इथे छत्री नको; जाळी किंवा काळ्या जाड कागदाची नळी फ्लॅशच्या डोक्यावर लावा, नाहीतर उजेड थेट लेन्समध्ये शिरून सगळा फोटो धुरकट होतो. झूम १०५ च्या आसपास, ताकद १/३२ किंवा १/६४. मागचा उजेड दिसतो त्यापेक्षा जोरकस असतो, कारण तिरक्या कोनात केस आणि त्वचा आरशासारखी चमकतात. म्हणून सीची ताकद नेहमी कमीपासून सुरू करावी. शेवटी तिन्ही एकत्र, आणि मग ट्रिगरवरून एकतृतीयांशाने सारवासारव.

पार्श्वभूमीसाठी चौथा फ्लॅश हवा की नको, हे अंतर ठरवतं. माणूस एपासून १.२ मीटरवर आहे, भिंत त्याच्या १.५ मीटर मागे, म्हणजे एपासून २.७ मीटरवर. २.७ भागिले १.२ म्हणजे २.२५, त्याचा वर्ग साधारण पाच. भिंतीवर पाचपटीने कमी उजेड, म्हणजे सव्वादोन स्टॉपहून थोडा जास्त फरक. पांढरी भिंत राखाडी दिसेल. ती काळी हवी असेल तर माणूस भिंतीपासून पुढे आणा. पांढरी हवी असेल तर सी भिंतीकडे वळवा. नवा फ्लॅश विकत घेण्याआधी माणूस हलवून बघणं फुकट पडतं.

हेच गणित समूहाच्या फोटोत उलटं लागतं. पुढची रांग उजेडापासून २ मीटर, मागची ३ मीटर : दीडाचा वर्ग २.२५, म्हणजे मागचे लोक एका स्टॉपहून जास्त काळे. स्टँड दोन मीटर मागे न्या; रांगा ४ आणि ५ मीटरवर येतील, फरक साधारण पाऊण स्टॉपच्या आत. पण अंतर दुप्पट झाल्याने उजेड दोन स्टॉप घटला, म्हणून १/८ चा १/२ करावा लागेल, आणि इथे टीटी६०० ला धाप लागते. १/२ वर प्रत्येक झोतानंतर थांबावं लागतं. समूहासाठी ए आणि बी दोन्ही एकाच ताकदीवर, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना, उंच ठेवावेत, आणि प्रत्येक फ्लॅश पलीकडच्या टोकाच्या माणसाकडे रोखावा. जवळचा माणूस झोताच्या कडेवर येतो आणि उजेड आपोआप समतोल होतो.

दोन फ्लॅश एका छत्रीत

जास्त फ्लॅश असण्याचा हा फायदा सहसा सांगितला जात नाही. एक फ्लॅश १/४ वर ठेवण्याऐवजी दोन फ्लॅश १/८ वर, एकाच छत्रीत, एकाच गटात. उजेड तेवढाच. पण प्रत्येक फ्लॅश लवकर तयार होतो, कमी तापतो, आणि झोताचा काळही आखूड होतो. टीटी६०० चा झोत पूर्ण ताकदीवर साधारण १/३०० सेकंदाचा असतो आणि सर्वांत कमी ताकदीवर १/२०००० चा. उडणारे केस, शिंतोडे, फिरणारा कपडा पूर्ण ताकदीवर पुसट येतात, शटर काहीही असलं तरी. पाण्याचा थेंब गोठवायचा असेल तर १/३२ किंवा त्याखालीच राहावं आणि कमी पडलेला उजेड फ्लॅशची संख्या वाढवून किंवा त्यांना जवळ आणून मिळवावा.

ताकदीसाठी हा मार्ग मात्र लवकर आटतो. दोन फ्लॅशने एक स्टॉप मिळतो, तीनने दीडच्या थोडं वर, दोन स्टॉपसाठी चार लागतात. भर दुपारच्या उन्हाशी सामना असेल तर चार टीटी६०० बांधण्यापेक्षा २०० वॉट-सेकंदाचा एक एडी२०० घ्यावा. तोही याच ट्रिगरवर चालतो, त्याची बॅटरी लिथियमची आहे आणि साधारण ५०० पूर्ण झोत देते. संचात पुढे वाढायला जागा आहे, हा गुण मी मोठा धरतो.

एचएसएसचा भुर्दंड

सिंकची मर्यादा बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०. त्यापुढे गेलं तर फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते, कारण शटरचा दुसरा पडदा सेन्सर झाकायला लागलेला असतो. रेडिओने पेटवताना थोडा वेळ जातो. म्हणून १/२५० ला पट्टी दिसली तर १/२०० ला या.

एचएसएसमध्ये फ्लॅश एका झोताऐवजी अतिजलद स्पंदनांची माळ सोडतो, पडदा सरकेपर्यंत. पट्टी जाते, पण ताकद साधारण दोन स्टॉप किंवा जास्तच पडते, आणि पुढे शटर दुप्पट जलद केलं की दर वेळी आणखी एक स्टॉप. १/२००० वर छत्रीतल्या एका टीटी६०० कडून फारशी आशा ठेवू नये. छत्री काढून उघडा फ्लॅश एक मीटरवर आणला तर काहीतरी हाताला लागतं. उन्हात अ‍ॅपर्चर उघडं ठेवायचं असेल तर लेन्सवर तीन स्टॉप उजेड खाणारा एनडी फिल्टर लावून १/२०० वर राहणं पुष्कळदा सरस ठरतं. एनडी फ्लॅश आणि ऊन दोन्ही सारखंच कमी करतो. त्यामुळे फ्लॅशला जोर लागतोच, पण स्पंदनांतला तोटा वाचतो.

एचएसएस काही कॅमेऱ्यांत ट्रिगरच्या सिंक बटणाने चालू होतं, निकॉनमध्ये कॅमेऱ्याच्या मेनूतून ऑटो एफपी निवडावं लागतं. घरात आल्यावर ते बंद करायला विसरू नये.

सेल

या संचाचा सर्वांत कमकुवत भाग. तीन फ्लॅशला १२, ट्रिगरला २, एकूण १४. तेवढेच राखीव. कमी गळती असलेले निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्यावेत, १९००-२००० मिलिअँपिअर-तासांचे. कंपनी सांगते ते साधारण २३० पूर्ण झोत २५०० च्या सेलवरचे आहेत, तेव्हा आपल्या सेलवर कमी धरावेत. १/८ वर काम केलं तर संख्या कितीतरी पटींनी वाढते.

अल्कलाइन सेलचा व्होल्टेज १.५ असतो आणि निकेलचा १.२, म्हणून अल्कलाइन चांगले हा समज चुकीचा आहे. फ्लॅश एकदम मोठा प्रवाह ओढतो. अल्कलाइनचा अंतर्गत रोध जास्त असल्याने त्याचा व्होल्टेज त्या क्षणी कोसळतो आणि फ्लॅश भरायला वेळ लागतो. शिवाय फ्लॅशमध्ये विसरून राहिले तर ते गळतात आणि स्प्रिंगा खातात.

चार-चार सेलचे संच पाडून त्यांना क्रमांक द्यावेत आणि संच कधीही मिसळू नयेत. एक दमलेला सेल बाकी तिघांना आपल्या पातळीवर ओढतो. चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजणारा हवा. जोडीने भरणारा चार्जर एकाला अर्धपोटी ठेवतो आणि दुसऱ्याला जास्त भरतो.

तयार असल्याचा दिवा लागला म्हणजे फ्लॅशमधला वीज साठवणारा कपॅसिटर काठोकाठ भरलाच असं नाही. दिवा लागताक्षणी लागोपाठ फोटो काढले तर दुसरा-तिसरा फोटो किंचित काळपट येतो, आणि लोक ट्रिगरला दोष देतात. मोठ्या ताकदीवर दिव्यानंतर एक सेकंद थांबावं. सलग ३० पूर्ण झोतांनंतर दहा मिनिटं विश्रांती हा कंपनीचा नियम पाळावाच. न पाळल्यास फ्लॅश स्वतःच भरण्याचा वेग कमी करतो.

पेटत नाही तेव्हा

ट्रिगरचं टेस्ट बटण दाबा. सगळे फ्लॅश पेटले तर दोष कॅमेरा आणि ट्रिगरच्या मध्ये आहे : ट्रिगर शूमध्ये पूर्ण आत गेलेला नाही, शूमध्ये धूळ आहे, किंवा कॅमेरा मूक इलेक्ट्रॉनिक शटरवर आहे. बहुतेक मिररलेस कॅमेरे त्या शटरवर फ्लॅशला इशाराच देत नाहीत. तीनांपैकी एकच गप्प असेल तर त्याचा गट, चॅनल, आयडी, सेल या क्रमाने बघा. तो झोपलेलाही असू शकतो, स्लेव्ह असताना बराच वेळ काम नसेल तर तो स्वतः बंद होतो.

फ्लॅश पेटतो, पण ट्रिगरवरून ताकद बदलत नाही, असं झालं तर तो बहुधा एस१ मध्ये गेलेला आहे. एस१ मध्ये फ्लॅश दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटतो, रेडिओ ऐकत नाही. हे ओळखणं अवघड, कारण सगळं चालू आहे असंच वाटतं. (एस२ हा टीटीएलच्या आधीच्या बारीक झोताकडे दुर्लक्ष करणारा प्रकार. दोन्ही आडअडचणीला बरे. पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांनी फ्लॅश पेटू लागले की नकोसे होतात.)

मधूनमधून चुकत असेल तर आधी अंतराची सेटिंग, मग चॅनल, मग फ्लॅशची जागा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना पाणी शोषून घेतं आणि माणूस बहुतांशी पाणीच. ट्रिगर आणि फ्लॅशच्या मध्ये माणसांची भिंत असेल तर स्टँड उंच करावा. फ्लॅश धातूच्या कपाटामागे किंवा जमिनीलगत ठेवू नये.

स्टँड, कंस, छत्री

फ्लॅशचा पाय हा सर्वांत आधी तुटणारा भाग, म्हणून साध्या छत्रीच्या कंसापेक्षा गोडॉक्सचा एस२ कंस घ्यावा (वरच्या एस२ मोडशी याचा संबंध नाही). तो फ्लॅशला डोक्याजवळ पकडतो, पायावर ताण येत नाही, आणि त्याला बोवेन्स पद्धतीच्या जोडाचे सॉफ्टबॉक्स लागतात. बाहेर छत्री हे शीड आहे हे धरूनच चालावं : वारा नसतानाही स्टँडच्या एका पायावर वाळूची पिशवी, आणि तो पाय उजेडाच्या दिशेने, कारण वजन तिकडेच झुकतं.

जेलचा एक छोटा संच सोबत हवाच. खोलीत पिवळे दिवे चालू असतील आणि फ्लॅश पांढरा असेल तर चेहरा नीट येतो, पण मागची खोली नारिंगी. तिन्ही फ्लॅशवर पूर्ण सीटीओ, म्हणजे नारिंगी जेल, लावून कॅमेरा ३२०० केल्व्हिनवर आणला की दोन्ही उजेड जुळतात. जेल पाऊण स्टॉपच्या आसपास उजेड खाते, तेवढं ट्रिगरवरून वाढवायचं. मोठ्या ताकदीवर काचेला घट्ट चिकटवलेली जेल वितळते, थोडी पोकळी ठेवावी.

कोणता ट्रिगर, आणि जुना फ्लॅश घेताना

एक्सप्रोच्या डोक्यावर शू नाही. कॅमेऱ्यावरही एक फ्लॅश बसवायचा असेल तर एक्स२टी घ्यावा. त्याला वरती शू आहे आणि ब्लूटूथही आहे, पण पडदा लहान. पाचही गट एका नजरेत दिसणं मला जास्त मोलाचं वाटतं, म्हणून तीन फ्लॅशच्या कामाला एक्सप्रोच.

टीटी६०० वापरलेला मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, त्यात बिघडण्यासारखं फार नाही. सेलच्या कप्प्यात हिरवट थर आहे का बघा. झूम २० वरून २०० वर आणि परत न्या. मोटर अडखळत आवाज करत असेल तर नको. पाय हलवून बघा. ताजे निकेल सेल घालून पूर्ण ताकदीवर दहा झोत सोडा. पुन्हा तयार व्हायला तीन सेकंदांच्या आसपास लागले तर ठीक, सहा-सात लागत असतील तर कपॅसिटर थकला आहे. शेवटी रेडिओ स्लेव्हवर टाकून आपल्या ट्रिगरवरून ताकद बदलून पाहा, आणि ट्रिगर सोबत नेला नसेल तर त्या दिवशी व्यवहार करू नका.